कर्नलचा पंचनामा : स्टॅक ट्रेस काढताना पाळायची पथ्यं

समजा, धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात तापमान आणि दाबाच्या नोंदी गोळा करणारा लिनक्सवरचा छोटा बोर्ड रात्रपाळीत अडकला. ऑपरेटरने पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला आणि बटण दाबून बोर्ड पुन्हा सुरू केला. सकाळी रोह्याहून सुटणाऱ्या मेमूत बसून तुम्ही तो फोटो उघडता. खालच्या पंधरा-वीस ओळी दिसतात. गडबड नेमकी कुठे झाली हे सांगणाऱ्या वरच्या ओळी केव्हाच सरकून गेलेल्या. बोर्ड चालू आहे, पुरावा गेला आहे, आणि चूक होती तिथेच आहे.

ज्यांना कर्नलच्या कोडला हात लावावा लागतो त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातून ऐरोली-महाप्याला किंवा पुण्याला नोकरीसाठी जाणारे आहेत, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारे आहेत, आणि घरी जुन्या लॅपटॉपवर ड्रायव्हर लिहून पाहणारेही आहेत. सी भाषा येते आणि एखादं मॉड्यूल बांधून चालवलेलं आहे, एवढं गृहीत धरलं आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत. फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत. नावातली जोडरेघ म्हणजे मूळ नावातला अंडरस्कोर समजावा.

वडखळ नाक्यावर अपघात झाला तर पंचनामा करणाऱ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गाड्या हलवण्याआधी नोंद करायची, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून दुसरा अपघात घडवायचा नाही. कर्नलमध्ये ट्रेस काढणाऱ्या कोडला हे तिन्ही नियम लागू होतात, आणि तिसरा सगळ्यात जास्त मोडला जातो. युजर प्रोग्राम तपासताना डीबगर त्याच्या बाहेर असतो. प्रोग्राम मेला तरी डीबगर जिवंत राहतो. कर्नलमध्ये तशी सोय नाही. ट्रेस काढणारा कोड त्याच मेमरीत, बहुतेक वेळा त्याच स्टॅकवर आणि त्याच लॉकांच्या गर्दीत चालतो. म्हणून त्याने काही मागू नये, कुणासाठी थांबू नये आणि समोर दिसेल ते खरं मानू नये. पुढची सगळी पथ्यं यातूनच निघतात.

स्टॅकवर असतं काय

६४ बिटी एक्स८६ यंत्रावर लिनक्स प्रत्येक टास्कला १६ केबीचा कर्नल स्टॅक देतं. २०१४ साली ३.१५ आवृत्ती येईपर्यंत तो ८ केबीच होता. फंक्शनने दुसऱ्या फंक्शनला कॉल केला की परतीचा पत्ता या स्टॅकवर पडतो. हे पत्ते एकामागून एक शोधत मागे जायचं काम अनवाइंडर करतो.

मागे जाण्याच्या दोन वाटा प्रचलित आहेत. पहिली फ्रेम पॉइंटरची. प्रत्येक फंक्शन सुरू होताना आधीच्या फ्रेमचा पत्ता स्टॅकवर ठेवतं, त्यामुळे साखळी तयार होते. वाट सोपी आहे, पण प्रत्येक फंक्शनमध्ये जादा सूचना घालाव्या लागतात. त्यामुळे कर्नलचा कोड सुमारे ३ टक्क्यांनी फुगतो आणि वेगही थोडा कमी होतो. दुसरी वाट जॉश पॉइमबोफ यांनी आणलेल्या ऑर्कची. ती २०१७ साली ४.१४ आवृत्तीत आली. यात कर्नल बांधतानाच ऑब्जटूल हे साधन मशीन कोड वाचतं आणि ‘या पत्त्यावर असाल तर परतीचा पत्ता स्टॅकवर इतक्या अंतरावर सापडेल’ असा तक्ता तयार करतं. चालत्या कोडवर भार पडत नाही. त्या बदल्यात तक्त्यासाठी काही एमबी मेमरी जाते.

शिवाय टास्कचा स्टॅक वेगळा, इंटरप्टचा वेगळा आणि एनएमआय, म्हणजे अडवता न येणाऱ्या इंटरप्टचा, आणखी वेगळा. ट्रेस यातल्या एकावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. ‘स्टॅक पॉइंटर घ्यायचा आणि आठ-आठ बाइट पुढे सरकत वाचायचं’ असा घरगुती अनवाइंडर इथेच फसतो. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून एक्स८६ वर स्टॅकच्या कडेला गार्ड पेज ठेवायची सोय आहे. कडेपलीकडे एक बाइट जरी वाचला तरी फॉल्ट बसतो, आणि ज्याचा ट्रेस काढायचा होता ती भानगड बाजूला राहून नवीच उभी राहते. तेव्हा स्वतःचा अनवाइंडर लिहायच्या फंदात पडू नका.

कोड लिहिण्याआधी हे करून पाहा

बहुतेक वेळा ट्रेससाठी कर्नलमध्ये एकही ओळ लिहावी लागत नाही. कर्नलमध्येच असलेल्या एफट्रेस या साधनात प्रत्येक इव्हेंटच्या फोल्डरात ‘ट्रिगर’ नावाची फाइल असते. केमॅलॉकच्या ट्रिगर फाइलमध्ये ‘स्टॅकट्रेस’ एवढा शब्द लिहिला की पुढच्या प्रत्येक मेमरी-मागणीचा ट्रेस ट्रेसबफरमध्ये जमा होऊ लागतो. नुसता शब्द लिहू नका. कोलन देऊन पाच हा आकडा घाला, म्हणजे पहिल्या पाचच वेळा नोंद होईल. ‘इफ’ लावून अट घाला, म्हणजे ६४ केबीच्या वरच्या मागण्याच पकडल्या जातील. चालत्या यंत्रावर मर्यादा न घालता ट्रेस सुरू करणं आणि घटनास्थळी मोर्चा बोलावणं यात फारसा फरक नाही.

बीपीएफट्रेस बसवलेलं असेल तर काम आणखी सोपं. हव्या त्या फंक्शनवर प्रोब लावून ‘केस्टॅक’ मोजायला सांगितलं की ‘या वाटेने इतक्या वेळा आले’ असा हिशेब मिळतो. सारखे ट्रेस एकत्र केले जातात, कन्सोलवर काही छापलं जात नाही आणि काम संपलं की प्रोब निघून जातो. ही साधनं संदर्भ, लॉक आणि पुनरावृत्ती सांभाळतच बांधलेली आहेत. आपला कोड लिहायची पाळी येते ती दोन वेळा: ही साधनं उपलब्ध नसतील असा बोर्ड असेल तेव्हा, किंवा घटना इतकी विरळ असेल की तिच्यासाठी ड्रायव्हरमध्ये कायमचा पहारा बसवावा लागेल तेव्हा.

आपण कुठल्या संदर्भात आहोत?

कर्नलचा कोड चार संदर्भांत चालतो: टास्क, सॉफ्टआयआरक्यू, हार्डआयआरक्यू आणि एनएमआय. या यादीतला नंतरचा प्रत्येक संदर्भ आधीच्याला मध्येच तोडून चालू होऊ शकतो. ट्रेस काढणारं फंक्शन यापैकी कुठूनही बोलावलं जाऊ शकत असेल, तर ते सगळ्यात कडक, म्हणजे एनएमआयच्या नियमांनी लिहावं. ते नियम असे.

मेमरी मागू नका. समजा, एखादा टास्क केमॅलॉकच्या आत आहे आणि त्याने तिथलं आतलं लॉक धरलेलं आहे. त्याच क्षणी त्याच सीपीयूवर एनएमआय येतो, तुमचा कोड चालू होतो आणि तोही केमॅलॉक बोलावतो. लॉक मिळेपर्यंत तो थांबणार. आणि ज्याच्याकडे लॉक आहे तो टास्क तुमचा कोड संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही. सीपीयू तिथेच कायमचा अडकला. ‘अटॉमिक’ झेंडा लावून मागितलेली मेमरी झोपत नाही हे खरं, पण एनएमआयमध्ये तीही चालत नाही.

लॉक घेऊ नका. इंटरप्ट बंद करून घेतलेलं स्पिनलॉक इंटरप्टपासून वाचवतं, एनएमआयपासून वाचवत नाही. एनएमआयला ‘बंद हो’ सांगता येत नाही, नावच तसं आहे.

झोपू नका, आणि झोपवणारं काही बोलावू नका. म्युटेक्स आला, युजर मेमरीतून सरळ वाचणं आलं, फाइल लिहिणं आलं.

स्वतःच्याच पायात अडकू नका. एखाद्या फंक्शनवर प्रोब लावला आणि ट्रेस काढताना तेच फंक्शन बोलावलं गेलं, तर प्रोब पुन्हा उडतो, पुन्हा ट्रेस, पुन्हा प्रोब. १६ केबीचा स्टॅक संपायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सीपीयूसाठी एक खूण ठेवायची. आत शिरताना ती तपासायची. आधीच लावलेली असेल तर गुपचूप परतायचं आणि ‘इतके ट्रेस सोडले’ असा आकडा एकाने वाढवायचा. तो आकडा ठेवायला विसरू नका. पंचनाम्यात काय नोंदवता आलं नाही, याचीही नोंद हवी.

आधी साठवा, मग छापा

नवशिक्याच्या हातात पहिलं येतं ते डम्प-स्टॅक. एक ओळ लिहिली की कन्सोलवर अख्खा ट्रेस येतो. टास्कच्या संदर्भात, कधीमधी होणाऱ्या घटनेसाठी ते ठीक आहे. इंटरप्ट हँडलरमध्ये त्याची किंमत मोजून पाहा. बोर्डाचा सीरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर असेल तर सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरं जातात. तीस ओळींचा, प्रत्येकी सत्तर अक्षरांचा ट्रेस म्हणजे २,१०० अक्षरं. ती बाहेर पडायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लागतो. इंटरप्ट बंद ठेवून एवढा वेळ घालवलात तर नेटवर्कची पाकिटं गळतील, टायमर उशिरा वाजतील आणि जी वेळेची चूक शोधताय ती ट्रेस काढल्यामुळेच नाहीशी होईल किंवा दुसरीकडे सरकेल.

म्हणून ट्रेस पकडणं आणि छापणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत. पकडण्यासाठी स्टॅक-ट्रेस-सेव्ह हे फंक्शन आहे. थॉमस ग्लाइक्सनर यांनी या कुटुंबातल्या फंक्शनांना २०१९ च्या ५.२ आवृत्तीत आजचं रूप दिलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: पत्ते ठेवायची ॲरे, ॲरेची लांबी आणि सुरुवातीच्या किती फ्रेम गाळायच्या तो आकडा. परत येते ती सापडलेल्या पत्त्यांची संख्या. हे फंक्शन नावं शोधत नाही, काही छापत नाही, नुसते आकडे भरून देतं. नंतर, सवडीने, टास्कच्या संदर्भात स्टॅक-ट्रेस-प्रिंटला ती ॲरे द्यायची. मधलं काम वर्कक्यूवर टाकता येतं. एनएमआयमधून थेट वर्कक्यूला हात लावू नका. त्यासाठी आधी आयआरक्यू-वर्क वापरा आणि तिथून वर्कक्यूकडे जा.

ॲरे ठेवायची कुठे, हा प्रश्न लहान वाटतो, पण बहुतेकजण अडकतात तो इथेच. फंक्शनच्या आत लोकल ॲरे घेतली तर ६४ पत्त्यांना ५१२ बाइट स्टॅकवरच जातात. स्टॅक संपत आला म्हणून ट्रेस काढत असाल तर हा शेवटचा घाव ठरेल. ग्लोबल ॲरे घेतली तर दोन सीपीयू एकाच वेळी तीत लिहितील आणि दोन घटनांची सरमिसळ होईल. असा ट्रेस दिसायला अगदी खरा दिसतो, म्हणून जास्त घातक. प्रत्येक सीपीयूला एक ॲरे दिली तरी टास्कच्या ट्रेसच्या मध्येच एनएमआय येऊन त्याच ॲरेत लिहू शकतो. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक सीपीयूला चार संदर्भांसाठी चार ॲरे, मॉड्यूल सुरू होतानाच राखून ठेवलेल्या. कर्नलचं पर्फ हे साधन हेच करतं. ३२ पत्ते सहसा पुरतात; ३२ पत्ते, ८ बाइट, ४ संदर्भ म्हणजे प्रत्येक सीपीयूमागे एक केबी. एवढी मेमरी लहान बोर्डालाही परवडते.

तेच तेच ट्रेस हजारो वेळा येणार असतील तर स्टॅक डेपो पाहा. तो सारखा ट्रेस एकदाच साठवतो आणि छोटा हँडल देतो. मेमरीतल्या चुका पकडणारा केसॅन आणि कुठलं पेज कुणी मागितलं ते नोंदवणारा पेज-ओनर त्यावरच चालतात. मात्र नवा ट्रेस साठवताना त्याला मेमरी लागू शकते, म्हणजे वरचा पहिला नियम पुन्हा समोर येतो. कुठल्या संदर्भातून बोलावताय ते पाहूनच वापरा.

छापायचंच असेल तर ‘एकदाच’ किंवा ‘ठरावीक वेगाने’ अशी मर्यादा घाला. वॉर्न-ऑन-वन्स त्यासाठीच आहे. प्रिंटके स्वतः आता पूर्वीपेक्षा बरंच सुरक्षित झालं आहे: डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांचा लॉकविरहित रिंग बफर आला. पण जुन्या बोर्डांवर निर्मात्याने दिलेलं ४.९ किंवा ४.१४ च अजून धावत असतं. आधी आपल्या कर्नलची आवृत्ती पाहा, मग कुणाचाही सल्ला ऐका, या लेखातलाही.

दुसऱ्या टास्कचा ट्रेस

स्वतःचा ट्रेस काढताना स्टॅक निदान जागचा हलत नाही. दुसऱ्याचा काढताना दोन धोके वाढतात.

पहिला धोका, टास्क मध्येच संपून त्याचा स्टॅक परत केला जाण्याचा. टास्कची नोंद शिल्लक असली तरी स्टॅक शिल्लक असेलच असं नाही. स्टॅक-ट्रेस-सेव्ह-टीएसके हे फंक्शन स्टॅकचा रेफरन्स आधी पकडतं, मिळाला नाही तर शून्य परत करतं. तेच वापरा. टास्कच्या नोंदीचा रेफरन्स धरून ठेवणं मात्र तुमची जबाबदारी.

दुसरा धोका, टास्क दुसऱ्या सीपीयूवर धावत असण्याचा. तुम्ही वाचत असताना तो स्टॅक बदलतोय. अनवाइंडर एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमवर जाईपर्यंत तिथे भलताच आकडा आलेला असतो, आणि तो परतीचा पत्ता समजला जातो. हे नुसतं पुस्तकी भय नाही. प्रॉकमधली प्रत्येक प्रक्रियेची ‘स्टॅक’ फाइल वाचून कुणीही साधा युजर आपल्याच धावत्या टास्कचा ट्रेस मागू शकत होता आणि त्या गोंधळात कर्नलच्या स्टॅकवरचा मजकूर बाहेर पडू शकत होता. जॅन हॉर्न यांनी हे दाखवून दिल्यावर २०१८ साली ही फाइल फक्त रूटपुरती ठेवली गेली.

धावणाऱ्या टास्कचा ट्रेस हवा असेल तर तो ज्या सीपीयूवर आहे त्यालाच स्वतःचा ट्रेस काढायला सांगावं. सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ, हिचं ‘एल’ अक्षर हेच करतं: सगळ्या जाग्या सीपीयूंना निरोप जातो आणि प्रत्येक जण आपापला ट्रेस देतो. ‘डब्ल्यू’ अक्षर अडकून पडलेले, न उठवता येणारे टास्क दाखवतं. ‘टी’ सगळ्यांची यादी देतं. अडकलेल्या बोर्डवर आधी ‘डब्ल्यू’, मग ‘एल’, आणि गरज पडली तरच ‘टी’. शेकडो टास्क असलेल्या यंत्रावर ‘टी’ सीरियल कन्सोलवर मिनिटभर ओकत बसतं आणि आधीचा कामाचा मजकूर बफरातून ढकलून देतं. कीबोर्ड नसेल तर रूटने प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये ते अक्षर लिहिलं तरी चालतं.

कर्नलचे पहारेकरीही आहेत, त्यांना जागं ठेवा. टास्क १२० सेकंद अडकून राहिला तर हंग-टास्क पहारेकरी त्याचा ट्रेस देतो. एखाद्या सीपीयूने २० सेकंद दुसऱ्या कुणाला पाळी दिली नाही तर सॉफ्ट लॉकअपची, आणि १० सेकंद इंटरप्टही घेतले नाहीत तर हार्ड लॉकअपची सूचना मिळते. हे मूळ आकडे आहेत. बोर्डानुसार बदलता येतात.

ट्रेस वाचताना किती विश्वास ठेवायचा

‘नमुना’ नावाच्या मॉड्यूलमध्ये गडबड झाली असं धरू. एक्स८६ वर साधारण असा मजकूर दिसेल:

आरआयपी : नमुना-राइट+२सी/९०
कॉल ट्रेस :
व्हीएफएस-राइट+सी५/३ए०
? म्युटेक्स-अनलॉक+१२/३०
केसिस-राइट+६७/एफ०
डू-सिसकॉल-६४+३डी/९०

अलीकडचं वर, जुनं खाली. पायथॉनच्या ट्रेसबॅकच्या बरोबर उलट. आरआयपीची ओळ सांगते की सीपीयू कुठे होता. अधिकच्या चिन्हापुढचे आकडे सोळाच्या अंकपद्धतीत आहेत: २सी म्हणजे ४४, ९० म्हणजे १४४. १४४ बाइटच्या फंक्शनमध्ये ४४व्या बाइटवर घोटाळा झाला. दुसरा आकडा आवृत्ती ओळखायला उपयोगी पडतो: तुमच्याकडच्या बायनरीत नमुना-राइट १४४ बाइटचं नसेल, तर तुम्ही चुकीची बायनरी उघडली आहे.

प्रश्नचिन्हाच्या ओळीचा अर्थ असा की स्टॅकवर कोडचा पत्ता वाटावा असा आकडा सापडला, पण अनवाइंडरच्या साखळीत तो बसत नाही. बहुधा आधी येऊन गेलेल्या कॉलचा तो उरलेला ठसा असतो. तो पुरावा धरू नका, पण पुसूनही टाकू नका. साखळी मध्येच तुटली असेल तेव्हा असे ठसेच दिशा दाखवतात.

विश्वासाला तडा देणाऱ्या आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कंपायलरने इनलाइन केलेल्या फंक्शनला स्वतःची फ्रेमच नसते, आणि टेल कॉल झाला असेल तर बोलावणारा साखळीतून गायब होतो. फंक्शन-ग्राफ ट्रेसर किंवा केरेटप्रोब चालू असेल तर ते स्टॅकवरचा परतीचा पत्ता काढून स्वतःचा पत्ता ठेवतात. कर्नलचा अनवाइंडर खरा पत्ता शोधून आणतो, घरगुती अनवाइंडरला ते जमत नाही. आणि परतीचा पत्ता हा कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो. पॅनिकसारख्या, कधीच न परतणाऱ्या फंक्शनला केलेला कॉल ही फंक्शनमधली शेवटची सूचना असेल, तर तो पत्ता पुढच्याच फंक्शनच्या हद्दीत पडतो आणि भलत्याचं नाव छापलं जातं. म्हणून ट्रेसमधला पत्ता स्वतः छापायचा असेल तर प्रिंटकेमध्ये %पीएस ऐवजी %पीबी वापरावं. त्यातला बी कॅपिटल. ते हा एक बाइटचा फरक सांभाळून घेतं.

ट्रेसच्या आधारे माणूस अंदाज बांधणार असेल तर थोडी अनिश्चितता चालते. ट्रेसच्या आधारे कोडच निर्णय घेणार असेल तर अजिबात चालत नाही. चालत्या कर्नलमधलं फंक्शन बदलणाऱ्या लाइव्हपॅचिंगमध्ये ‘हा टास्क जुन्या फंक्शनच्या आत आहे का’ हे ट्रेसवरून ठरतं. तिथे स्टॅक-ट्रेस-सेव्ह-टीएसके-रिलायेबल वापरतात. शंका आली की ते फंक्शन अर्धामुर्धा ट्रेस देण्याऐवजी सरळ एरर कोड परत करतं.

युजरच्या बाजूचा स्टॅकही हवा असेल तर आणखी एक पायरी आहे. त्या मेमरीचं पेज रॅममध्ये नसू शकतं, आणि इंटरप्टमध्ये पेज आणायला थांबता येत नाही. फॉल्ट न घेता वाचणारी ‘नोफॉल्ट’ जातीची फंक्शनं वापरा, आणि वाचता आलं नाही तर ट्रेस तिथेच संपला असं माना.

पकडलेला ट्रेस टिकवायचा कसा

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधल्या कितीतरी गावांनी दिवसेंदिवस अंधार काढला. म्हणून ट्रेस कुठे ठेवायचा याचा निर्णय वीज धरूनच घ्यावा.

पीस्टोअरचा रॅमऊप्स भाग रॅमचा एक तुकडा राखून ठेवतो आणि ऊप्स-पॅनिकचा मजकूर तिथे लिहितो. बोर्ड रीसेट झाला तरी तो सापडतो. मात्र वीज पूर्ण गेली किंवा ऑपरेटरने प्लग उपटला तर रॅम पुसली जाते. वीज बेभरवशाची असेल तिथे पीस्टोअरला फ्लॅशवरचा ब्लॉक द्या, किंवा नेटकन्सोल लावून मजकूर यूपीएसवर चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवा. नेटकन्सोल यूडीपीवर चालतं, एखादं पाकीट गळू शकतं. तरी मोबाइलवरच्या अर्ध्या फोटोपेक्षा ते शंभर पटीने बरं. सीरियल पोर्ट मोकळा असेल तर त्याला जोडलेला जुना लॅपटॉपही हे काम चोख करतो.

मेमरी बऱ्यापैकी असलेल्या यंत्रावर केडम्प बसवा. कर्नल कोसळला की आधीच राखून ठेवलेल्या जागेत दुसरा, निरोगी कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो. कोसळलेल्या कर्नलवर विसंबायचंच नाही, हा त्यामागचा विचार. ही व्यवस्था २००५ साली २.६.१३ आवृत्तीत आली, आणि ती उभी करण्यात विवेक गोयल यांच्यासह आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. पुढे ‘क्रॅश’ हे साधन वापरून त्या फाइलमधून कुठल्याही टास्कचा ट्रेस निवांत काढता येतो. तेव्हा काही हलत नसतं.

आणि प्रत्येक वेळी बोर्डावर नवा कर्नल चढवताना, डीबग माहितीसकटची व्हीएमलिनक्स फाइल आणि मॉड्यूल जपून ठेवा. त्याशिवाय डीकोड-स्टॅकट्रेस ही कर्नलसोबत येणारी स्क्रिप्ट तुम्हाला फाइल आणि ओळ सांगू शकत नाही. ती इनलाइन झालेली फंक्शनंही उलगडून दाखवते.

ट्रेस बाहेर देताना

ट्रेसमधल्या कच्च्या पत्त्यांवरून कर्नल मेमरीत कुठे बसला आहे ते कळतं, आणि पत्ते विखुरून ठेवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ पासून साधं %पी पत्त्याऐवजी त्याचा हॅश छापतं. तो अडथळा तोडून कच्चा पत्ता छापायचा मोह आवरा. कारखान्यातल्या बोर्डांवर डीमेसेज आणि कर्नल पॉइंटर यांवरचे निर्बंध चालू ठेवा. पुरवठादाराला ट्रेस पाठवताना रजिस्टरांचे आकडे आणि यंत्राचं नाव एकदा डोळ्याखालून घाला. ट्रेस मजकूर म्हणून पाठवा; फोटोतले पत्ते कुणी हाताने टंकत बसत नाही.

घरच्या घरी सराव

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चार जीबीच्या लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये छोटा कर्नल चालतो. बूट करताना सीरियल कन्सोल फाइलकडे वळवा म्हणजे सगळं जमा होईल. सरावापुरतं केएएसएलआर, म्हणजे पत्ते विखुरून ठेवणं, बंद ठेवलं तर पत्ते दर वेळी तेच येतील. कर्नल बांधताना एलकेडीटीएम हे मॉड्यूल चालू करा. मुद्दाम अपघात घडवण्यासाठीच ते लिहिलेलं आहे. डीबगएफएसमधल्या त्याच्या ‘डायरेक्ट’ फाइलमध्ये ‘वॉर्निंग’, ‘बग’, ‘हंग-टास्क’, ‘सॉफ्टलॉकअप’, ‘एक्झॉस्ट-स्टॅक’ यांतला एकेक शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहा आणि काय छापलं जातं ते पाहा. हीच पाच नावं एकदा ऑर्क लावलेल्या आणि एकदा फ्रेम पॉइंटर लावलेल्या कर्नलवर चालवून ट्रेस शेजारी-शेजारी ठेवले की प्रश्नचिन्हांच्या ओळी, गायब फ्रेम आणि अनवाइंडरमधला फरक आपोआप नजरेत बसतो.

मग स्वतःच्या मॉड्यूलमध्ये स्टॅक-ट्रेस-सेव्ह लावा आणि ते चालू असताना लॉकडेप व केसॅन दोन्ही सुरू ठेवा. चुकीच्या जागी लॉक घेतलं तर लॉकडेप लगेच ओरडतो, स्टॅकबाहेर वाचलं तर केसॅन पकडतो. दोन्ही शांत राहिले, सिसआरक्यूच्या ‘एल’चा मारा करूनही यंत्र चालू राहिलं, आणि सोडलेल्या ट्रेसचा आकडा तुम्हाला समजावून सांगता आला, तर तो कोड धाटावच्या बोर्डवर न्यायला हरकत नाही. बोर्डावर आधीच काही चालू असेल तर क्रम उलटा ठेवा: आजच नेटकन्सोल लावा आणि व्हीएमलिनक्स जपून ठेवा. या दोन्हींना कोडची एक ओळही लागत नाही, आणि पुढच्या वेळी रात्रपाळीतून फोन आला तर ट्रेसची पहिली ओळ तुमच्या हातात असेल.